तुरीच्या मुळावरची गाठ

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच, म्हणजे विज्ञान संशोधनाच्या वाटेवरची आहेत, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण त्यातील प्रश्न मला दर महिन्याला कोणी ना कोणी विचारत असते.

प्रश्न : आदरणीय मॅडम, सप्रेम नमस्कार. मी बीड जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षात सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. आई आणि अण्णा दरवर्षी उचल घेऊन ऊसतोडीला कारखान्यावर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येतात. तेवढे महिने मी आणि धाकटा भाऊ आजीजवळ असतो. गेल्या भाद्रपदात आईबरोबर तूर खुरपताना एक रोप मुळासकट उपटून आले. मुळांवर गाठी होत्या. त्या मी डब्यात घालून कॉलेजला नेल्या आणि ब्लेडने कापल्या, तर काही आतून गुलाबी निघाल्या, काही हिरवट आणि दोन-तीन अगदी पांढऱ्या. सरांनी सांगितले की गुलाबी रंग लेगहिमोग्लोबिनमुळे येतो आणि परीक्षेला एवढे पुरे आहे. पण एकाच रोपावर तीन रंग का, हे मनातून जात नाही. मला पुढे संशोधन करायचे आहे. मामा म्हणतात की बी.एड. कर किंवा डीएमएलटी करून तालुक्याच्या लॅबमध्ये लाग, संशोधन हे मोठ्या घरांतल्या मुलांचे काम आहे. लग्नाचा विषयही घरात निघू लागला आहे. मला पहिल्या दोन वर्षांत ६८ टक्के गुण आहेत. माझ्यासारखीला ही वाट मोकळी आहे का? तिचा खर्च किती? आणि घरी काय सांगू?
— एक विद्यार्थिनी, बीड जिल्हा

उत्तर : पत्रातील गाठींचा भाग मी दोनदा वाचला आणि उत्तराची सुरुवातही तिथूनच करते. तुमच्या सरांनी सांगितले ते बरोबर आहे. रायझोबियम गटातील जिवाणू हवेतील नत्र ज्या विकराच्या साहाय्याने स्थिर करतात, त्या नायट्रोजिनेजला प्राणवायू सोसत नाही आणि श्वसनासाठी जिवाणूला तर प्राणवायू हवाच असतो. हा पेच लेगहिमोग्लोबिन सोडवते. ते प्राणवायू धरून ठेवते आणि बेताबेताने पुरवते, म्हणून काम करणारी गाठ आतून गुलाबी दिसते. गाठ म्हातारी झाली की हे रंगद्रव्य मोडते आणि हिरवटपणा येतो. पांढरी गाठ एकतर कोवळी असते, किंवा तिच्यात शिरलेला जिवाणू त्या पिकाच्या कामाचा नसतो. मुळांवरच्या गाठींतून हे जिवाणू बायरिंक या डच शास्त्रज्ञाने १८८८ मध्ये वेगळे केले. त्यानंतर इतका काळ लोटला, तरी तुमच्या शेतातल्या एकाच रोपावर कामाचे आणि बिनकामाचे जिवाणू शेजारी शेजारी का राहतात, बाहेरून घातलेले जिवाणूसंवर्धन आधीपासून मातीत असलेल्या जिवाणूंपुढे टिकते की हरते, हे प्रश्न आजही जगभरातील प्रयोगशाळांत अभ्यासले जातात. तुमच्या मनातून जे जात नाही, त्याला संशोधनात प्रश्न म्हणतात, आणि तो तुम्हाला कोणी दिलेला नाही, तुम्हाला शेतात सापडला आहे.

तेव्हा पुढच्या खरिपाची वाट पाहण्यापूर्वी एक वही करा. ज्या शेतात बियाण्याला रायझोबियम चोळले होते ते एक आणि जिथे चोळले नव्हते ते दुसरे, अशा दोन शेतांतून दहा-दहा रोपे ठरावीक दिवसांनी काढायची, गाठी मोजायच्या, कापून रंग लिहायचा आणि युरिया किती व कधी पडला तेही नोंदवायचे, कारण जमिनीत नत्र जास्त झाले की गाठी कमी धरतात. तुमच्याकडे दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅम संवर्धन गुळाच्या पाण्यात कालवून लावतात, ते आईला माहीत असेल. परभणीच्या कृषी विद्यापीठाची पाकिटेही घरी आली असतील. कॉलेजातला ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेच्या दाबाने निर्जंतुक करणारे यंत्र, बंद असेल तर सरांना विचारून प्रेशर कुकर वापरा. पंधरा पौंड दाबावर पंधरा-वीस मिनिटांत जिवाणू वाढवायचे लहान प्रमाणातले माध्यम निर्जंतुक होते. आमच्यापैकी अनेकांनी तसेच काम केले आहे. गाठ बाहेरून निर्जंतुक करून ठेचायची आणि काँगो रेड हा रंग घातलेल्या यीस्ट-मॅनिटॉल माध्यमावर रेघा ओढायच्या. दोन-चार दिवसांनी, काही मंद वाढणाऱ्या जातींना त्याहूनही जास्त दिवसांनी, रंग फारसा न शोषणाऱ्या फिकट, चिकट वसाहती दिसू लागतील. त्या दिवसाची तारीख वहीत लिहून ठेवा. पुढे मुलाखतीत ही वही तुमच्या गुणपत्रकापेक्षा जास्त बोलेल.

आता मामांच्या वाक्याकडे येते, कारण ते निम्मे खरे आहे आणि म्हणूनच त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे. आपल्याकडे मुलींना विज्ञानाची गोडी लावताना कमला सोहोनी यांचे उदाहरण नेहमी दिले जाते. १९३३ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी त्यांना स्त्री म्हणून प्रवेश नाकारला, त्या हटल्या नाहीत, अटींवर का होईना प्रवेश मिळवला आणि १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. घेऊन आल्या. त्यांच्या धैर्याबद्दल मला अपार आदर आहे. परंतु त्यांचे वडील आणि काका त्याच संस्थेत रसायनशास्त्र शिकलेले होते, ही गोष्ट आपण सांगायला विसरतो. कोणते दार ठोठवायचे आणि ते बंद झाले तर कोणापुढे उभे राहायचे, हे त्यांच्या घरात माहीत होते. तुमच्या घरात ते माहीत नाही. मोठ्या घरांतील मुलांकडे जास्त असते ते हेच, आणि ही माहिती मिळवता येते.

माझे वडील खानदेशातल्या एका बाजार समितीत हमाली करत. एम.एस्सी.साठी मी पुण्यात आले तेव्हा माझ्या वर्गातील एका मुलीने पहिल्याच उन्हाळ्यात एका मोठ्या प्रयोगशाळेत दोन महिने काम केले. तिला तिथे कसा प्रवेश मिळाला हे मी वर्षभर विचारलेच नाही, कारण असे काही विचारायचे असते हेच मला ठाऊक नव्हते. शेवटी विचारले, तर ती सहज म्हणाली, ‘‘पत्र लिहिलं.’’ तिचे वडील प्राध्यापक होते आणि पत्र लिहायचे असते हे तिला लहानपणापासून माहीत होते. पुढे पीएच.डी.च्या माझ्या पहिल्या मुलाखतीत ‘तुम्हाला कोणता प्रश्न सोडवायचा आहे’ असे विचारल्यावर मी अभ्यासक्रमातील प्रकरणे म्हणून दाखवली आणि तिथे माझी निवड झाली नाही. तुमच्याकडे प्रश्न आहे. मी त्या खुर्चीत बसले होते तेव्हा माझ्याकडे तो नव्हता.

म्हणून पत्र लिहायला आजच शिका. ज्या शास्त्रज्ञांचे काम मुळांवरील किंवा मातीतील जिवाणूंवर आहे अशा आठ-दहा जणांची नावे संस्थांच्या संकेतस्थळांवरून काढा. पुण्यातच आयसर ही विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था, राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था आहेत. प्रत्येकाचा एक शोधनिबंध वाचायचा प्रयत्न करा आणि प्रत्येकाला वेगळे पत्र लिहा. मी कोण, मी गाठींवर काय पाहिले, तुमच्या कामातील कोणती गोष्ट मला त्याच्याशी जुळणारी वाटली आणि मला कोणत्या दोन महिन्यांत काम करायला यायचे आहे, एवढे दहा ओळींत पुरे. एकच मजकूर चाळीस जणांना पाठवलेला असला की तो पहिल्या ओळीतच ओळखू येतो. आठ पत्रांना एक उत्तर आले तरी ते पुष्कळ आहे आणि न आलेल्या सात उत्तरांचा अर्थ तुम्ही अपात्र आहात असा घेऊ नका. याशिवाय देशातील तीन विज्ञान अकादमींची मिळून उन्हाळी संशोधन विद्यावृत्ती असते. तिच्यात दोन महिने प्रयोगशाळेत काम करायला मिळते आणि पैसेही मिळतात. तिचे अर्ज आदल्या वर्षाच्या हिवाळ्यातच भरावे लागतात आणि नेमके हेच आपल्या मुलांना उशिरा कळते.

बी.एस्सी.नंतर दोन रस्ते आहेत. एक म्हणजे चांगल्या विभागात एम.एस्सी. करून पुढे पीएच.डी., आणि दुसरा म्हणजे थेट इंटिग्रेटेड (एम.एस्सी. व पीएच.डी. एकत्र) पीएच.डी. दुसरा रस्ता आयसर, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, तेथीलच राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र अशा ठिकाणी आहे आणि त्यात बहुतेक ठिकाणी पहिल्या वर्षापासून विद्यावृत्ती मिळते. तुमच्या परिस्थितीत याचे मोल फार आहे, कारण पैशांच्या दृष्टीने सर्वांत कठीण काळ एम.एस्सी.च्या दोन वर्षांचा असतो. जेजीईईबीआयएलएस ही जीवशास्त्राची प्रवेश परीक्षा साधारणपणे डिसेंबरात होते आणि तिच्यात पाठांतरापेक्षा विचार तपासला जातो. एम.एस्सी.च्या प्रवेशासाठीच्या जॅम परीक्षेचा जैवतंत्रज्ञानाचा पेपर फेब्रुवारीत असतो. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या मदतीवर चालणाऱ्या एम.एस्सी. अभ्यासक्रमांसाठी जीएटी-बी ही परीक्षा द्यावी लागते आणि त्यांत दरमहा विद्यावृत्ती असते. तिन्ही परीक्षा द्या. गावाजवळ आहे एवढ्याच कारणाने एम.एस्सी.ची जागा घेऊ नका. जिथे दुसऱ्या वर्षी खरा प्रकल्प करायला मिळतो आणि काचेच्या कपाटातील यंत्रांना विद्यार्थी हात लावतात, असे ठिकाण निवडा. तिथल्या दोन मुलींना आधी फोन करून विचारलेत तर हे पाच मिनिटांत कळते.

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षापासून सीएसआयआर-यूजीसी नेट ही अधिछात्रवृत्ती व अध्यापनासाठीची पात्रता परीक्षा देता येते. ती वर्षातून दोनदा असते, खुल्या प्रवर्गाला एम.एस्सी.ला ५५ टक्के आणि आरक्षित प्रवर्गांना ५० टक्के लागतात. तुमचे ६८ टक्के पाहता गुणांची अडचण येण्याचे कारण दिसत नाही. दोनशे गुणांची ही परीक्षा जीवनविज्ञानात अवघड जाते ती ‘क’ भागामुळे, कारण तिथे ७५ प्रश्नांतून २५ निवडून सोडवायचे असतात आणि प्रत्येकाला चार गुण असतात. या भागातील बरेच प्रश्न प्रयोगाचे निकाल पुढे ठेवून त्यांचा अर्थ विचारतात, आणि ज्याने हाताने प्रयोग केले आहेत त्याला ते सुटतात. तिच्यातून जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, मिळाली की १ जानेवारी २०२३ पासून लागू झालेल्या दरानुसार पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात. वसतिगृह नसेल तर घरभाडे वेगळे. जेआरएफ हुकली तरी नेटच्या गुणांवर आता पीएच.डी.ला प्रवेश मिळू शकतो, आणि राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती या संस्था आपापल्या प्रवर्गांतील संशोधकांना अधिछात्रवृत्ती देतात. त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. एक मात्र आधीच सांगते : विद्यावृत्तीचे पैसे कधी कधी काही महिने रखडतात, म्हणून पहिल्या रकमेतून दोन महिन्यांचा खर्च बाजूला ठेवायची सवय लावा.

कागदपत्रांसाठी एक पूर्ण आठवडा काढा. जात वैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रिमीलेअर लागू असतील तर आत्ताच करून घ्या. राज्यात विमुक्त-भटक्या प्रवर्गांत मोडणाऱ्या अनेक जाती केंद्रीय यादीत इतर मागासवर्गात येतात आणि केंद्राच्या संस्थांना त्याच नमुन्यातील वेगळे प्रमाणपत्र लागते. राज्याचे प्रमाणपत्र घेऊन गेलेल्या आणि प्रवेशाच्या दिवशी तहसिलीत परत धावलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. शहरात राहण्याच्या खर्चासाठी अनुसूचित जातींकरिता स्वाधार आणि इतर मागास, विमुक्त-भटक्या प्रवर्गांकरिता ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. समाजकल्याण कार्यालयात जाताना एकटीने न जाता मैत्रिणीला घेऊन जा आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय परतू नका.

घरी काय सांगायचे? संशोधनाची थोरवी सांगू नका, हिशोब सांगा. ‘‘मी आता वीस वर्षांची आहे. दोन वर्षे एम.एस्सी., त्यानंतर परीक्षेसाठी जास्तीत जास्त एक वर्ष; तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी शिकता शिकता मला महिन्याचे पैसे मिळू लागतील, तोवर लग्नाचा विषय काढू नका,’’ असे मुदत घालून मागितलेले आईवडिलांना समजते, कारण उचल, मुदत आणि फेड ही भाषा त्यांना कोणी शिकवावी लागत नाही. आणि पट्टा पडून, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपून, ते परत येतील तेव्हा आईला एकदा कॉलेजात घेऊन जा. तिने खुरपलेल्या तुरीतला जिवाणू तिला सूक्ष्मदर्शकातून दाखवा. पीएच.डी. झाली की लगेच कायम नोकरी मिळेल असे मात्र त्यांना सांगू नका. अनुदानित महाविद्यालयांतील भरती संथ आहे, तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे शिकवणारे अनेक पीएच.डी.धारक आपल्या ओळखीचे असतात, आणि हे लपवले तर उद्या त्यांचा विश्वास जाईल. मात्र जालन्याच्या बियाणे उद्योगापासून पुण्याच्या लस उत्पादनापर्यंत, जिवाणू हाताळता येणाऱ्या माणसाची गरज प्राध्यापकीच्या बाहेरही आहे, आणि तेही तितक्याच खरेपणाने सांगा.

बी.एड. आणि डीएमएलटी ही चांगली शिक्षणे आहेत. ज्याला शिकवायचे आहे त्याने बी.एड. जरूर करावे. पण ‘तोवर काहीतरी’ म्हणून ती करू नका. तुमची दोन वर्षे त्यात जातील आणि परीक्षांचा अभ्यास मागे पडेल. पहिल्या प्रयत्नात नेट झाली नाही तर प्रयोगशाळांत प्रकल्प सहायकाच्या जागा निघतात. त्यांत पगार मिळतो, हात तयार होतो आणि अभ्यासही चालू राहतो.

प्रश्न : सविनय नमस्कार. मी एसटीत वाहक आहे. आमचा मुलगा दुसऱ्या राज्यातील संस्थेत जीवशास्त्रात पीएच.डी. करतो. तिसरे वर्ष चालू आहे. आधी रोज फोन करायचा, आता आठवड्यातून एकदा, तोही दोन मिनिटे. ‘‘काहीच निघत नाही,’’ एवढेच म्हणतो. नातेवाईक विचारतात, नोकरी कधी? आम्हाला त्याचे काम कळत नाही. आम्ही काय करावे?
— एक पालक, सांगली जिल्हा

उत्तर : आपण हा प्रश्न विचारलात याबद्दल आपले मनापासून आभार. जीवशास्त्राच्या प्रयोगांत ‘काहीच निघत नाही’ असे महिने येतात. पेशी वाढत नाहीत, त्यांना संसर्ग होतो, तीन महिने सांभाळलेले काम एका शुक्रवारी टाकून द्यावे लागते, आणि हे घडते ते बहुधा तिसऱ्याच वर्षी, कारण पहिली उमेद ओसरलेली असते आणि निकाल अजून हाती आलेला नसतो. ज्याच्या घरात कोणी या वाटेने गेलेले नाही त्याला वाटते की हे फक्त आपल्याच बाबतीत होते आहे. शिवाय घरच्यांनी इतके केले आणि आपण त्यांना काही दाखवू शकत नाही, या लाजेने तो फोन आखूड करतो. आपण त्याला ‘कधी संपणार’ असे विचारू नका. ‘या आठवड्यात काय केलंस, मला कळेल असं सांग,’ असे विचारा आणि न कळले तरी ऐका. नातेवाइकांना उत्तर आपण द्या, त्याच्यापर्यंत तो प्रश्न जाऊ देऊ नका.

मार्गदर्शकाशी बिनसले असल्यास प्रत्येक विद्यार्थ्यासाठी नेमलेल्या सल्लागार समितीपुढे ते मांडता येते, हे त्याला आठवून द्या; मुले ते भीतीने टाळतात. तो जेवत-झोपत नसेल किंवा जगण्याबद्दल निराश बोलत असेल तर थांबू नका, जाऊन भेटा. संस्थेतील समुपदेशकाखेरीज टेलि-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक कोणत्याही वेळी चालतो आणि तिथे मराठीतही बोलता येते.

प्रश्न : मी नंदुरबार जिल्ह्यातील असून प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करतो. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलो. शोधनिबंध वाचायला घेतला की पहिल्या पानावरच अडकतो. वर्गात इंग्रजीतून प्रश्न विचारायची हिंमत होत नाही.
— एक विद्यार्थी

उत्तर : शोधनिबंध पहिल्या पानापासून वाचू नका. सारांश वाचून थेट आकृत्यांकडे जा. पहिल्या आकृतीत कशाची तुलना कशाशी केली आहे आणि कोणता स्तंभ कोणत्या स्तंभापेक्षा उंच आहे, हे आपल्या वहीत मराठीत लिहा. मग दुसरी आकृती. चार आकृत्या झाल्या की निबंधाचा गाभा हाती येतो आणि प्रस्तावना वाचताना निम्मे शब्द ओळखीचे झालेले असतात. संकल्पनाच नवी असेल तर आधी मराठी विश्वकोशातील नोंद वाचा, तो संकेतस्थळावर फुकट आहे. विचार मराठीत पक्का झाला की इंग्रजी शब्द त्यावर बसतो. पबमेड सेंट्रलवर असंख्य निबंध विनामूल्य मिळतात, तेव्हा ग्रंथालयात नियतकालिक येत नाही म्हणून अडून राहू नका. आठवड्याला एक निबंध धरा आणि सहा महिने मोडू नका.

वर्गातील प्रश्न आदल्या रात्री इंग्रजीत लिहून न्या आणि कागदावरून वाचून विचारा. ते कमीपणाचे नाही. परिषदेत बोलणारे अनेक नामवंत शास्त्रज्ञही टिपण हातात धरून बोलतात. तेही जमेना तर तास संपल्यावर शिक्षकांना मराठीतच विचारा. उत्तर देताना ते मूळ संज्ञा वापरतील, त्या तिथल्या तिथे लिहून घ्या आणि पुढच्या प्रश्नात त्याच वापरा.